दत्तजयंतीपासून तिसरा दिवस

मिसिसागा
२१ सप्टेंबर २०१७

ती. दादास,

पूर्वी मी साष्टांग नमस्कार लिहायची. आता गुडघे ऐकत नाहीत, कागदावरसुद्धा. तेव्हा नुसता नमस्कार गोड मानून घे.

फोन करून पाहिला. दर दिवाळीला करते तसाच, फक्त यंदा जरा आधी. तू उचललास, "हं, देतो" म्हणालास आणि जयदीपच्या हातात दिलास. तुझा लेक गुणी आहे, आत्याची विचारपूस करतो, इकडच्या थंडीची चौकशी करतो. पण एकोणीस वर्षांत सख्ख्या भावाकडून मला "हं, देतो" याच्यापुढे काही मिळालेलं नाही. पत्राचं एक बरं असतं. ते "देतो" म्हणून दुसऱ्याच्या हातात ठेवता येत नाही.

परवा सर्वपित्री झाली. आबांना तू पान वाढलं असशील. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचं त्या दिवशी करायचं, म्हणून साठ वर्षं तू करतोयस. मी इथे काही करत नाही. माझा शैलेंद्र सकाळी सातला ओकव्हिलच्या ऑफिसला जातो, सून अनुया त्याच्या मागोमाग. नात आपल्या खोलीत. मी कुणाला पान वाढणार? आणि मी आबांना गेलेलं कधी मानलंच नाही, हे तुला माहीत आहे. त्यावरूनच तर सगळं झालं.

आता कामाचं सांगते. आमच्या घरापासून दोन स्टॉपवर लायब्ररी आहे. तिथल्या डेबराबाईंनी एका भिंतीवर भलामोठा जगाचा नकाशा लावलाय. त्यावर एकच दिवस मांडायचा: १३ डिसेंबर १९४३. तिच्या आजोबांचा पाय त्या दिवशी इटलीत गेला, म्हणून तिने तो दिवस धरला. दुसरं महायुद्ध त्या दिवशी कुठे कुठे चाललं होतं आणि आपापल्या घरची माणसं तेव्हा काय करत होती, ते आसपासच्या लोकांनी सांगायचं, कागद असतील तर आणायचे. येत्या १३ डिसेंबरला सगळ्यांसमोर वाचायचं. गंमत बघ, ज्यांचे बाप तेव्हा एकमेकांवर बंदुका रोखून होते, त्यांची पोरं आता इथे एकाच दुकानात कांदे निवडतात.

मी सांगितलं, माझे वडील मराठा पलटणीत होते, त्याच हिवाळ्यात इटलीत बेपत्ता झाले. तिने विचारलं, काही कागद आहे का?

कागद तुझ्याकडे आहे. आईच्या निळ्या ट्रंकेत असेल. पहिली तार नव्हे. ती पोस्टमनने साऱ्या आळीदेखत वाचली होती, "बेपत्ता" म्हणून. मला हवंय ते महिन्याभराने पलटणीकडून, बेळगावहून आलेलं पत्र. पोस्टमनने ते तुला शाळेच्या वाटेवर दिलं आणि तू घरी येऊन आईला वाचून दाखवलंस: "शोध चालू आहे, कळेल तसे कळवू." आई ही गोष्ट किती वेळा सांगायची. आठ वर्षांचं पोर, तिसरीतलं, कसं खडाखडा वाचलं म्हणून. त्या पत्राचा फोटो जयदीपने पाठवला तर बास.

बास कुठलं. खोटं लिहिलं. दादा, मला तुझं पत्र हवंय. शिव्या दे हवं तर. पण तुझ्या अक्षरात दे.

तुझी,
प्रभा


१२ ऑक्टोबर २०१७

ती. दादास,

उत्तर नाही. टपाल हरवलं असेल असं मी मनाला सांगितलं. मन म्हणालं, बाई, तू शहात्तर वर्षांची आहेस, इतकं भोळं होऊ नये.

आम्ही दर मंगळवारी दुपारी लायब्ररीत बसतो. हेल्गा म्हणून एक जर्मन बाई आहे. तिच्या शहरावर त्या दिवशी बॉम्ब पडत होते आणि तिची आई तिला घेऊन तळघरात बसली होती. मिसेस नाकामुरा आहेत, जपानी वंशाच्या, पण जन्मल्या इकडेच, पश्चिम किनाऱ्याला, कोक्विटलामच्या बाजूला. त्यांना तेव्हा त्यांच्याच सरकारने डोंगरातल्या छावणीत नेऊन ठेवलं होतं. सहा वर्षांच्या होत्या. म्हणाल्या, मला फक्त थंडी आठवते आणि भिंतीच्या फटीतून आत येणारा बर्फ. स्टाव्ह्रोस ग्रीक आहे. त्याच्या आजोळच्या डोंगरी गावात त्याच दिवशी जर्मनांनी गावातले पुरुष टेकडीवर नेले आणि गोळ्या घातल्या. हे तो हेल्गाच्या शेजारी बसून सांगत होता. सांगून झाल्यावर हेल्गाने त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. त्याने एक घेतलं.

आणि वॉल्टर. चौऱ्याण्णव वर्षांचा, कानाने बहिरा, इटलीत होता. माझं ऐकून म्हणाला, "युअर बॉइज वेअर ऑन अवर लेफ्ट. दोन मैल, फार तर." मी विचारलं, तुम्ही मराठा लोकांना पाहिलं होतं? एक माणूस, उंच, उजव्या भुवईवर व्रण? दादा, मला लाज वाटली विचारताना, पण विचारलं. तो म्हणाला, "आय वुड लव्ह टु से यस, माय डिअर. बट आय ओन्ली सॉ मड." त्याने खोटं सांगितलं असतं तर मी आनंदाने घेतलं असतं.

डेबराने प्रत्येकाला एक कार्ड दिलंय. सकाळ, दुपार, रात्र. माझ्या कार्डावर आबांची जागा कोरी आहे. मग मी आपल्या घरचं लिहिलं. सकाळी आईने अंगण सारवलं, कपाळाला कुंकू लावलं. दादा पाटी घेऊन शाळेत गेला. दोन वर्षांची प्रभा उन्हात बसून शेंगा खात असेल. इतकं लिहिलं आणि त्या कुंकवावर येऊन अडकले.

तेव्हा तेही लिहूनच टाकते. नाहीतरी आपण दोघं त्याच जागी उभे आहोत, १९९८च्या मे महिन्यात, आईच्या ओसरीवर.

तुम्ही तिला माझ्यासाठी बर्फावर ठेवलं होतं. मी विमानातून उतरून थेट आले. तू बायकांना सांगत होतास, साधं पांढरं पातळ नेसवा. मी म्हणाले, आईला कुंकवाशिवाय कुणी पाहिलंय का? मी हिरवं लुगडं आणायला लावलं, बांगड्या भरल्या, माझ्या हाताने मळवट भरला. सवाष्ण म्हणून न्यायचं तिला, म्हटलं. तू म्हणालास, "आबांना मी चाळीस वर्षं पिंड देतोय, प्रभे. मग मी काय जित्या माणसाला देतोय व्हय?"

तेव्हा मी जे बोलले ते तुला पाठ असणार. मलाही आहे. एकविसाव्या वर्षी, बेपत्ता माणसाचे दिवस बारा वर्षांनी करतात म्हणून, तू आबांचा पळसाच्या पानांचा पुतळा केलास आणि नदीवर जाळलास. आईने तेव्हाही कुंकू पुसलं नाही. मी म्हणाले, "आबा कुठं मेले न्हाईत. तूच मारलास त्यांना. तुला घाई होती." साऱ्या भावकीदेखत बोलले. तू गप्प उभा राहिलास. खांदा दिलास, अग्नी दिलास, आणि त्यानंतर माझ्याशी बोलला नाहीस.

मी कितीदा मनात म्हटलंय, चिडला असता, ओरडला असता तर मिटलं असतं. तू गप्प का राहिलास, हे मला कधी कळलं नाही.

प्रभा


३ नोव्हेंबर २०१७

ती. दादास,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

गेल्या रविवारी शैलेंद्र विंटर टायर्स लावायला गेला होता. मी नातीला, अक्षताला, सहज म्हटलं, या कॉम्प्युटरवर लढाईत गेलेल्यांची नावं असतात म्हणे. पोरीने आबांचं नाव विचारलं, पलटण विचारली. मी चहा टाकला. चहाला उकळी यायच्या आत तिने हाक मारली, "आजी, इज धिस हिम?"

शिपाई बयाजी रामजी शेडगे. मराठा लाइट इन्फंट्री. इटलीतल्या एका स्मारकावर नाव कोरलंय. आपल्या जवानांना तिथे दहन दिलं, म्हणून कबर नाही, नुसतं नाव. तारीख: १३ डिसेंबर १९४३.

दादा, तोच दिवस. भिंतीवरच्या नकाशातला. मी दीड महिना त्या नकाशासमोर बसून कॉफी पीत होते.

अक्षता म्हणाली, "यू नेव्हर लुक्ड? लाइक, एव्हर?" नाही बघितलं. हे तुला कबूल करते, कारण तिला नीट सांगता आलं नाही. इथे पंचेचाळीस वर्षं काढली. रविकांत होते तेव्हा आम्ही दोनदा युरोप फिरून आलो, इटलीत आठ दिवस होतो. मनात आणलं असतं तर कधीच सापडलं असतं. मी शोधलं नाही, कारण शोधलं की सापडतं. मला बाप आठवत नाही. माझ्याकडे त्याचं "बेपत्ता" एवढंच होतं, आणि ते मी सोडायला तयार नव्हते.

तेव्हा तू बरोबर होतास. आबा गेले होते. तू त्यांना मारलं नाहीस. ते वाक्य मी परत घेते. एकोणीस वर्षं उशिरा घेते आहे, त्याची मला मनापासून लाज वाटते.

इथे थांबायला हवं होतं. पण डेबराने पलटणीच्या नोंदीची प्रत मिळवली, ती परवा आली. त्यात आबांच्या नावापुढे एक ओळ आहे. आधी बेपत्ता, मग मृत्यूची खात्री पटली, आणि पुढे: "पत्नीस बेळगावहून पत्राने कळविले, २ फेब्रुवारी १९४४."

म्हणजे ते दुसरं पत्र. जे तू वाचलंस ते.

दादा, त्या पत्रात काय होतं?

प्रभा


१९ नोव्हेंबर २०१७

चि. जयदीप,

हा वरचा मजकूर तुझ्यासाठी आहे. तो आधी मनात वाच.

काल फोनवर तू जे सांगितलंस ते मी रात्रभर चघळत राहिले. तुझ्या आप्पांची नजर दोन वर्षांपूर्वी गेली, आता त्यांना उजेड तेवढा कळतो, आणि माझी पत्रं तू त्यांना वाचून दाखवतोस. हे मला आधी का नाही सांगितलंस? आप्पांनी मना केलं होतं, बरोबर. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना वाचायला शिकवणाऱ्या मास्तराला ते सांगवत नसणार.

पण खरं मला पुढचं लागलं. "आत्या, पत्रातली ती शेवटची ओळ मी गाळली. आप्पांना त्रास होईल असं वाटलं. मी वाचलं, सगळे खुशाल आहेत, थंडी पडलीय." बाळा, मी तुला रागावले नाही. का, ते तुला पुढे वाचताना कळेल.

हे पत्र आलं की ठेवून दे. यंदा दत्तजयंती ३ डिसेंबरला आहे. तिथपासून तिसऱ्या दिवशी, म्हणजे ५ तारखेला, सकाळी आप्पांची अंघोळ झाली की त्यांच्याजवळ बस आणि वाच. जसं लिहिलंय तसं वाच. एक अक्षर गाळू नकोस, एक घालू नकोस. त्यांनी थांब म्हटलं तर थांब, मग पुढे वाच. ही तुझ्या आत्याची एवढी एकच विनंती आहे.

इथून पुढे आप्पांसाठी.

दादा,

मी आता हे जयदीपच्या तोंडून बोलते आहे. तुझं मनातलं तुझ्याच लेकाच्या तोंडून तुला ऐकवायचं, हे बरं नव्हे, मला कळतं. पण तू फोनवर येत नाहीस, आणि मला विमानात बसायची डॉक्टरांनी बंदी केलीय. दुसरी वाट नाही. आणि तुझा लेक परका नाही. त्यानेही परवा एक ओळ गाळली. तुझ्याच वळणावर गेलाय.

दादा, त्या पत्रात आबा गेल्याचं लिहिलं होतं. तू ते वाटेवर उघडून वाचलंस. तू आठ वर्षांचा होतास. घरी आई जात्यावर बसली असेल नाहीतर चुलीपुढे. ती म्हणाली असेल, "काय लिवलंय रं? वाच की." आणि तू वाचलंस, "शोध चालू आहे." तेव्हा तुला वाटलं असेल, आजचा दिवस निभावून नेऊ, उद्या सांगू. तो उद्या काही आला नाही. किती पोरं असं काही बोलतात आणि संध्याकाळी विसरतात. तुला त्याच्यावर साठ-सत्तर वर्षं काढावी लागली.

मग मला सगळं दिसायला लागलं. एकविसाव्या वर्षी तू पळसाच्या पानांचा पुतळा का केलास. तुला घाई नव्हती. तुला आबांना अग्नी द्यायचा होता, आणि खरं न सांगता देण्याचा तेवढाच मार्ग होता. तुला तारीख ठाऊक होती, तरी तू सर्वपित्रीला पान वाढत राहिलास. तारीख कुठून कळली, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होतास? आणि आईच्या ओसरीवर तू गप्प का राहिलास, तेही कळलं. मी म्हणत होते, तूच मारलास. तुझ्या मनात असेल, मी आबांना मारलं नाही, मी तर त्यांना जिवंत ठेवलं, आणि आईला चोपन्न वर्षं त्यांची वाट बघायला लावली. हेच ना तुझं दुखणं? त्यामुळेच तुला माझ्याशी बोलता येत नव्हतं ना?

आता मी तुला एक सांगते. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही, कारण तसा शब्द दिला होता. आणि मला स्वतःला त्याचा अर्थ पंधरा दिवसांपूर्वी लागला.

मी चार-पाच वर्षांची असेन. लढाई संपली होती. पलटणीकडून येणाऱ्या मनिऑर्डरीत काही फरक पडला म्हणून आई साताऱ्याला सैनिकांच्या कचेरीत गेली. मला घेऊन गेली, सर्व्हिसच्या मोटारीने. तू शाळेत होतास. कचेरीत चष्मेवाला एक म्हातारा कारकून होता. त्याने कागद काढला, आईला काहीतरी वाचून दाखवलं. आईने एकच विचारलं, "आपल्यात कंचा दिस म्हनायचा त्यो?" त्याने भिंतीवरचं जुनं पंचांग काढलं, पानं उलटली. मग आईने माझा हात धरला आणि माझ्या बोटांवर मोजलं. दत्तजयंती. दुसरा. तिसरा. माझं मधलं बोट तिने बराच वेळ सोडलं नाही.

बाहेर येऊन तिने मला रेवड्या घेऊन दिल्या. परत येताना मोटारीतून उतरलो आणि ओढ्यावर ती खाली वाकली, तोंड धुतलं, कपाळ धुतलं. तशीच बसून राहिली. मी सगळ्या रेवड्या खाल्ल्या तरी ती उठेना. ऊन उतरलं तेव्हा तिने चंचीतून कुंकवाची डबी काढली, ओढ्याच्या पाण्यात बघून पुन्हा लावलं, पदर सारखा केला. मला म्हणाली, "दादाला सांगू नगं हं. त्याला वाईट वाटंल."

दादा, मला वाटलं रेवड्यांचं म्हणते. तुला एकही ठेवली नव्हती. सत्तर वर्षं मला तेच वाटत होतं.

त्यानंतर दर वर्षी एक दिवस असा यायचा. तू शाळेत, पुढे मास्तर झालास तेव्हाही शाळेतच, म्हणून तुला दिसला नाही. मी घरी असायची. दत्तजयंती झाली की तिसऱ्या दिवशी आई डोक्यावरून न्हायची आणि कुंकू लावायची नाही. मी विचारलं तर म्हणायची, केस वाळू दे. घेवड्याची आमटी करायची, भाताचा घास कौलावर ठेवायची, कावळा शिवला की मग चुलीपाशी यायची. दिवेलागणीच्या आधी, तू घरी यायच्या आधी, कुंकू लावून मोकळी. मला तो तिचा कसला तरी नवस वाटायचा. आता जुनं पंचांग काढून बघितलं. १३ डिसेंबर १९४३, मार्गशीर्ष वद्य द्वितीया. दत्तजयंतीपासून तिसरा दिवस.

आईला ठाऊक होतं, दादा. तिने वाट बघितली नाही. तू काय वाचलंस आणि का वाचलंस, हे तिला साताऱ्यात कळलं. तिने कुंकू पुसलं असतं तर गावाने विचारलं असतं, पोरगं खोटं का बोललं? तुला कळलं असतं की तिला कळलं. म्हणून ती ओढ्यावरून पुन्हा कुंकू लावून घरी आली. तिला स्वतःलाही ते हवं असेल, मी नाही म्हणत नाही. सत्ताविसाव्या वर्षी कोणाला कोरं कपाळ हवं असतं? पण नदीवरून तू आबांना अग्नी देऊन आलास, तेव्हा तिने तुला कुंकू लावून जेवायला वाढलं. ते तुझ्या विरोधात नव्हतं. तिने आपलं त्याच्या दहा वर्षं आधीच आटोपलं होतं.

तू तिला जपलंस आणि तिने तुला जपलं, आणि दोघं एकाच घरात एकमेकांपासून लपून राहिलात. मधे मी, दोघांचं ऐकणारी, काही न कळणारी. आणि शेवटी तोंड उघडलं ते मीच.

मळवट भरला त्याचं मला वाईट वाटत नाही. तुला बोलले त्याचं वाटतं. मला माफ कर म्हणते आहे. जयदीप, हे वाक्य दोनदा वाच.

दादा, मला तुझी फार आठवण येते. इथे सगळं आहे, पण मला "प्रभे" म्हणून हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. नकाशावर काही लावायला मिळालं नाही तरी चालेल. आज आबांना पान वाढ. सर्वपित्रीची आता गरज नाही, त्यांना त्यांचा दिवस आहे.

तुझी,
प्रभा


१३ डिसेंबर २०१७

ती. दादास,

लायब्ररीतून आत्ता घरी आले. सकाळपासून बर्फ पडतोय. शैलेंद्र ड्राइव्ह-वे शोव्हल करून मला घेऊन गेला, दिवसभर थांबला. मी अजून कोट काढलेला नाही, आधी हे लिहायला बसले.

जयदीपचं पत्र शनिवारी मेलवर आलं. अक्षताने छापून दिलं. तो लिहितो, ५ तारखेला सकाळी वाचलं, जसंच्या तसं. "आप्पांनी मधे एकदाही थांब म्हटलं नाही. रेवड्यांपाशी आल्यावर त्यांनी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. मी वाचत राहिलो." संपल्यावर तू म्हणालास, "पुन्यांदा वाच." त्याने वाचलं. मग त्याला घेवडा आणायला पिटाळलंस. घास कौलावर ठेवलास. कावळा लगेच आला, म्हणे.

आणि मग तू म्हणालास, "कागद घे. आता मी वाचतो."

दादा, ते पत्र तू त्याच दिवशी ओढ्यात सोडलं होतंस, हे मला आता कळलं. मी उगाच ट्रंकेत शोधायला सांगत होते. त्र्याहत्तर वर्षं ते तुझ्याच जवळ होतं, तोंडपाठ.

आज नकाशासमोर सगळे आपापलं वाचून बसले. स्टाव्ह्रोसने गेलेल्यांची नावं वाचली, हेल्गाने तिच्या आईच्या वहीतलं पान, मिसेस नाकामुरांनी त्यांच्या थंडीबद्दल चार ओळी. मग मला बोलावलं. मी म्हणाले, हे पत्र माझ्या भावाने वाचून दाखवलंय, मी फक्त त्याचा आवाज आहे. आणि मराठीतच वाचलं, तू सांगितलंस तसं:

"श्रीमती हौसाबाई भ्र. बयाजी शेडगे यांस. कळविण्यास अत्यंत दुःख होते की, तुमचे पती शिपाई बयाजी रामजी शेडगे हे तारीख १३ डिसेंबर १९४३ रोजी इटली देशात लढाईत कामास आले. यापूर्वी ते बेपत्ता असल्याचे कळविले होते, तो मजकूर रद्द समजावा. त्यांचे दहन त्यांच्या सोबत्यांनी आपल्या रीतीप्रमाणे केले आहे. ते शूर व सर्वांच्या आवडीचे होते. तुम्ही व मुलांनी धीर धरावा. हे पत्र घरातील जाणत्या माणसाने वाचून दाखवावे."

शैलेंद्रशिवाय कुणाला एक अक्षर कळलं नाही. वॉल्टरने तरी टोपी काढली.

ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली. मास्तर, तेव्हा घरात जाणतं माणूस तूच होतास. आठ वर्षांचा.

कोट काढून झाला की मी फोन करणार आहे. तुझ्याकडे पहाट असेल, तू उठलेला असतोस. जयदीपला देऊ नकोस. मला फक्त एवढंच सांगायचंय की आईलाही ऐकू गेलं असेल, आणि तू कुठेही अडखळला नाहीस. दादा, तू अगदी बरोबर वाचलंस.

तुझी,
प्रभा